आजच्यापुरती सुरी

आत्याने धार लावलेल्या सुरीवर माशी बसली, तर उडताना दोन माश्या उडायच्या, असं शेडमधली माणसं सांगत. यात थोडी अतिशयोक्ती आहे. दुसरी माशी फार लांब जात नसे.

शेड म्हणजे पत्र्याचा लांबलचक बोगदाच, दोन्ही टोकांना उघडा. खाणींमधून बाद झालेले कन्व्हेअर बेल्ट तिथं यायचे. अंगठ्याएवढे जाड, हत्तीच्या पोटाएवढ्या गुंडाळ्या. त्यांचे तुकडे करून ट्रकच्या चाकांमागच्या झडपा व्हायच्या, जनावरांखाली अंथरायच्या चटया व्हायच्या, बोटींच्या कडेला बांधायच्या गाद्या व्हायच्या. कापायला माणसं साठ, सुऱ्या साठ. रबर कोरड्या सुरीला वाट देत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ साबणाच्या पाण्याचा डबा. त्यामुळे या माणसांचे हात राजवाड्यात शोभतील इतके स्वच्छ असायचे आणि नाकं कोळशाच्या कोठारातून काढल्यासारखी.

खरी गोम मात्र रबरात नव्हती, खड्यांत होती. वर्षानुवर्षं दगड वाहून वाहून त्या पट्ट्यांच्या अंगात बारीक खडे रुतून बसलेले. सुरी खड्यावर गेली की कर्र असा आवाज यायचा आणि पलीकडच्याचे दात आंबायचे. अशा कामात धार किती टिकणार? तास, दीड तास. मग उठायचं आणि आत्याकडे जायचं.

आत्याचं दगडी चाक शेडच्या मधोमध होतं. अर्धं पाण्यात बुडालेलं, पायाने फिरवायचं. मागे फळी, फळीवर साठ खिळे, ज्याचा त्याचा खिळा ठरलेला. सुरी बोथट झाली की आपल्या खिळ्याला अडकवायची. आत्या ओळीने उतरवणार, धार लावणार, परत अडकवणार. तोवर सुरीवाल्याने तिथंच उभं राहून जगाची उठाठेव करायची. या रांगेत उभ्या उभ्या निदान सात लग्नं जुळली होती आणि त्यातलं एक मोडलंही होतं. एकतीस वर्षं आत्या या चाकावर बसत होती. साठी कधीच ओलांडली होती, पण नक्की किती झाली हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण विचारायचं तेव्हा तिच्या हातात नेमकी कुणाची तरी सुरी असायची.

ती खरी आत्या एकाचीच, शेडच्या साहेबाची. भावाचा मुलगा. भाऊ-भावजय लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि चार वर्षांपूर्वी तो तिच्याच शेडवर साहेब होऊन आला. साहेबाची आत्या ती सगळ्यांची आत्या. एकटा तोच काय तो तिला शेडमध्ये आत्या म्हणत नसे. नात्यातल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिथं तो तिला "बाई" म्हणायचा आणि "तुम्ही" म्हणायचा. घरी गेला की "आत्या, तू माझा टॉवेल कुठं ठेवलास?" फाटकाच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे तू. आत्याला याची गंमत वाटे. "माझा भाचा फाटकापाशी रोज मला ओळख विसरून दाखवतो," ती सांगायची.

तर अशा या शेडमध्ये एका बुधवारी सकाळी पेटीवाला आला.

कोट, चकचकीत बूट, हातात काळी पेटी. पेटी उघडली तर आत निळ्या मखमलीवर एक सुरी झोपलेली. तिच्या पोलादाचं नाव इतकं लांब होतं की ते म्हणून होईपर्यंत चहा निवला. तीन अक्षरं, मग चार आकडे, मग एक रेघ, मग पुन्हा आकडे.

"ही सुरी," पेटीवाला म्हणाला, "तीन-तीन महिने धार मागत नाही."

"मग काय मागते?" आत्याने चाकावरूनच विचारलं.

लोक हसले. पेटीवालाही हसला, माणूस वाईट नव्हता. "काही नाही मागत, मावशी."

"मी मावशी नव्हे, आत्या. मावशी माया करते. आत्या चुका काढते."

साहेब मात्र हसला नाही. त्याच्या हातात वरून आलेला कागद होता. माणसं रोज तीन-चार वेळा उठतात, रांगेत उभी राहतात, त्यात दिवसाचा पाव हिस्सा जातो, असं त्यावर लिहिलेलं. तो घसा साफ करून म्हणाला, "उद्यापासून तीन दिवस चाचणी. ही सुरी एका बाजूला, फळीवरची कुठलीही एक सुरी दुसऱ्या बाजूला. तीन दिवस धार लावायची नाही. कापणारे दोघे दर तासाला सुऱ्यांची अदलाबदल करतील, म्हणजे हाताला दोष नको. तुकडे मोजले जातील. पेटीतली सुरी जिंकली तर सगळ्यांना तीच द्यायची आणि..." तो कागदाकडे बघत राहिला. "आणि चाक बंद. फळीवरची सुरी निवडायचा हक्क बाईंचा."

"बाईंनी ऐकलं," आत्या म्हणाली आणि चाकाला इतक्या जोरात पाय मारला की पाणी पेटीवाल्याच्या बुटांपर्यंत उडालं.

सुरी निवडायला तिला विचार करावा लागला नाही. मुकादमाची "राणी" होती ना! मुठीला पितळी कड्या, पातं आरशासारखं. मुकादमाला सासऱ्याने दिलेली. तो तिच्या पात्यात बघून मिश्या सारख्या करायचा. राणीला धार लावणं म्हणजे आत्याचं सुख होतं. चाकाला नुसती टेकवली की गायला लागायची आणि चार फेऱ्यांत केस उभा चिरील अशी धार धरायची. एकतीस वर्षांत आत्याने तिच्याइतकी कुठलीच सुरी हाताळली नव्हती. तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा तिला पाठ होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता सुरुवात झाली. एका बाकावर मुकादम, दुसऱ्यावर पैलवान. पैलवान असा दणकट की त्याने एकदा जांभई दिली तर दोन चिमण्या वाट चुकून आत गेल्या होत्या. मध्ये मोजणीवाली, शेडमधले सगळ्यांचे तुकडे रोज मोजणारी बाई, कानावर पेन्सिल लावून उभी.

पहिला तास राणीचा. साडेआठला दोघी बरोबरीत. साडेनऊला राणी घसरायला लागली. दहाला पैलवान तिच्यावर अख्खा ओणवा पडून रेटत होता आणि ती रबरावर नुसती फिरत होती, जेवल्यावर पोटावर हात फिरावा तशी. अकराला मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला आणि सुरी खाली ठेवली.

"मेली," पैलवान म्हणाला.

"मेली नाही, थकली," मुकादम म्हणाला. मग आत्याकडे वळला. "काय हो आत्या? माझ्या राणीची अब्रू घालवलीत! तुम्ही काल नीट लावली नसेल!"

"मुकादम, तिला काल मी चार वेळा लावली."

हे तोंडातून निघालं आणि आत्या जागच्या जागी थांबली. काल चार वेळा. परवा? परवाही चार. राणी तिला इतकी ओळखीची होती ती का, हे तिला एकदम दिसलं. जो शेजारी रोज साखर मागायला येतो, त्याचंच तोंड आपल्याला पाठ असतं. धार पटकन धरणारं ते मऊ पोलाद धार तितक्याच पटकन सोडत होतं, आणि एकतीस वर्षं आत्या त्यालाच माया समजत होती.

पेटीतली सुरी पलीकडे शांतपणे कापत होती. साहेब लांबून बघत होता. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, दुसरी सुरी हवी तर उद्या सकाळी घ्या. पण मग तीच शेवटपर्यंत. आणि आजचा दिवस गेला तो गेला."

जेवणाची सुट्टी झाली. माणसं डबे उघडून बसली, हसण्याचे आवाज येत होते. आत्या फळीपुढे उभी राहिली. सगळ्या सुऱ्या कामगारांजवळ होत्या, फळी मोकळी. एकतीस वर्षांत तिनं ती मोकळी अशी कधी बघितलीच नव्हती. ती बघायची खिळ्यावर काय लटकलंय ते. आता नुसते खिळे दिसत होते. सुऱ्या अडकवून काढून, अडकवून काढून घासलेले, चांदीसारखे. राणीचा खिळा तर झिजून निम्मा झाला होता. चकचकीत, चकचकीत, चकचकीत, आणि अगदी खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, एक गंजलेला. तांबडालाल. त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि जाळंही जुनं झालं होतं.

"हा खिळा कुणाचा गं?" तिनं मोजणीवालीला विचारलं.

"तो? गोगलगायीचा."

गोगलगाय म्हणजे शेडच्या पार टोकाला बसणारा एक पन्नाशीचा गृहस्थ. त्याचं चालणं असं, की सावली त्याच्यापुढे जाऊन बसून वाट बघायची. गोगलगाय नि पोटात पाय, असं त्याला चिडवत. सुरीला धार लावायला तो कधी येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरचा विनोदही ठरलेला होता: कापलं तर बोथट होणार ना!

"दिवसाला किती कापतो गं तो?"

मोजणीवालीने कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "तसे बरेच. पहिल्या तिघांत असतो."

"काय सांगतेस? आणि बोलली नाहीस कधी?"

"विचारलंत कधी? मला वाटलं, माझंच मोजायला चुकतंय. पण खरं सांगू का, तो उठतच नाही. बाकीचे तुमच्याकडे येऊन गप्पा मारतात, तेवढ्यात याचे वीस तुकडे होतात."

आत्या शेडच्या टोकाला गेली. तिथं सगळ्यात वाईट माल असायचा, पट्ट्यांच्या कडा, खड्यांनी गच्च भरलेल्या. गोगलगाय डबा खात होता. सुरी शेजारी, रबराच्या तुकड्यावर पुसून ठेवलेली. मूठ म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या, वर सुतळी. पातं काळपट, डाग पडलेलं, झिजून दीड बोट रुंद उरलेलं. ही सुरी रस्त्यात पडली असती तर कुणी लाथेनेही सरकवली नसती.

आत्याने ती उचलली, नखावर टेकवली. बोथट सुरी नखावरून घसरते, हिने नख धरलं. घट्ट धरलं.

गोगलगायीने घास गिळला आणि त्याचा चेहरा उजळला. "आत्याबाई! आणलीत का?"

"काय आणलं?"

"माझी सुरी. तुम्ही म्हणाला होतात ना, ही आजच्यापुरती आहे, आजचा दिवस भागव, उद्या चांगली देते."

"कधी म्हणाले होते मी?"

त्याने बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग पुन्हा पहिल्यावर आला, पुन्हा दुसऱ्यावर गेला. "अठरा वर्षं होतील."

आत्या खाली पट्ट्यावरच बसली. आठवलं तिला. कामावर नवीन लागलेला एक हडकुळा माणूस, त्या दिवशी फळीवर एकही सुरी शिल्लक नाही. शेजारच्या लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीचं पातं तुटून पडलं होतं. तिनं त्यातला वीतभर तुकडा मागून आणला होता आणि चाकावर सुरीसारखा घासून दिला होता. अख्खी सकाळ गेली होती त्यात, कारण ते पोलाद ऐकतच नव्हतं. चाकावर गायलं नाही, झिजताही झिजेना. "असलं कसलं भिकार पोलाद," म्हणून तिनं शिव्या घातल्या होत्या.

"अरे, मग अठरा वर्षांत विचारायचं नाहीस का?"

"आलो होतो दोन वेळा. रांग होती." तो शांतपणे म्हणाला. "मग म्हटलं, असेल त्यांच्या लक्षात."

"आणि धार?"

"आजच्यापुरतीच तर आहे, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही. जेवल्यावर पट्ट्याच्या पाठीवर दहा वेळा पुसतो. वर्षातून दोनदा घरच्या पायरीवर घासतो. झालं."

आत्याला हसू आलं, पण हसता हसता तिनं सुरी पुन्हा नखावर टेकवली. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे तर झालंच. पण तिच्या हातात जे होतं ते दुधारी होतं. ही सुरी उद्या बाकावर ठेवली तर पेटी हरेल, हे तिला नख सांगत होतं. पण साठ जणांना कळणार काय? की सुरी बरी असली तर धारवालीवाचून अठरा वर्षं चालतं. पेटी जिंकली तरी चाक बंद, ही जिंकली तरी चाक कशाला? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि धोंडाही आपणच घडवलेला!

संध्याकाळी घरी भाचा भाजी चिरत बसला होता. आत्या गप्प असली की तो आपण होऊन चिरायला बसे.

"आत्या, तू दमलीयस. एकतीस वर्षं झाली. घरी बस आता, आराम कर."

"घरी बसून काय करू? भिंतींना धार लावू?"

"तसं नाही गं."

"एक सांग. समजा, एक सुरी अशी निघाली, जिला पेटी लागत नाही आणि मीही लागत नाही. मग?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग ती सुरी जिंकेल, बाई. तुम्ही... तुम्ही ती आणू नका, असं मी नाही म्हणू शकत."

घरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून "तुम्ही" निघालं होतं. आत्याला राग येईना. उलट वाटलं, पोरगं बरं निपजलंय. तिनं त्याच्यापुढची पाटी ओढली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली, कारण त्याने चिरलेले तुकडे बघवत नव्हते.

तिला झोप लागली नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आडवी झाली तशी घोरायला लागली. ठरलं होतं तिचं. वाईट सुरीला चांगली म्हणणं एकतीस वर्षं झालं, ते अजाणता झालं. आता जाणूनबुजून करायचं म्हणजे चाकाच्या दगडालाही लाज वाटली असती.

शुक्रवारी सकाळी तिनं ती काळी सुरी बाकावर ठेवली. शेडमध्ये असा हशा उठला की पत्र्यावरची कबुतरं पलीकडच्या वखारीत राहायला गेली.

"आत्या, ही सुरी आहे की दात कोरायची काडी?" मुकादम म्हणाला. राणीचं दुःख अजून ओलं होतं.

"तुमच्या राणीने काल दातही कोरले नसते. उठा, तुमच्या जागी आज हा बसेल." तिनं गोगलगायीला पुढे ढकललं. त्याला चाक ते बाक एवढं अंतर यायला इतका वेळ लागला की पैलवानाने तोवर बुटांच्या नाड्या दोन वेळा बांधल्या.

सुरुवात झाली. पेटीतली सुरी पुढे होती, खोटं कशाला बोला. सरसर जात होती. दहा वाजेपर्यंत सतरा तुकड्यांची आघाडी. मग पैलवान खड्यावर गेला. कर्र झालं, शेडभर दात आंबले. त्याने सुरी वर करून बघितली. पात्याच्या काठाचा नखाएवढा चंद्र गळून पडला होता.

"कठीण आहे ना," पेटीवाला कपाळावर रुमाल फिरवत म्हणाला. "कठीण पोलाद थोडं... मोडतं."

"आमच्या मुकादमासारखं," मोजणीवाली पुटपुटली.

काळी सुरीही खड्यांवर जात होती. तीही कर्र करायची. पण तिचा काठ दबायचा, मोडायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत गोगलगायीने डबा संपवला, सुरी उचलली आणि पट्ट्याच्या पाठीवर पुसायला लागला. एक, दोन, तीन...

"थांबा, थांबा!" पेटीवाला धावत आला. "ही धार लावणं झालं!"

"हे पुसणं झालं," आत्या म्हणाली. "तुम्ही जेवल्यावर तोंड पुसता, त्याला दाढी करणं म्हणतात का?"

साहेबाने दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला: दोन्ही सुऱ्यांनी दहा-दहा वेळा तोंड पुसावं. पेटीवाल्याने आपली सुरी मनापासून पुसली. पण दबलेला काठ पुसून सरळ होतो, पडलेला चंद्र पुसून परत येत नाही. तीन वाजेपर्यंत पेटीतल्या सुरीला पाच चंद्र झाले होते आणि ती कापायची सोडून रबर कुरतडत होती.

शनिवारी काळी सुरीही मंदावली, हे सांगायला हवं. सकाळी जो तुकडा एका ओढीत निघायचा, त्याला दुपारी दोन ओढी लागत होत्या. आत्या बाजूला उभी राहून तिचा आवाज ऐकत होती. एखादं म्हातारं माणूस जिना चढताना मोजून श्वास घेतं, तसा तो आवाज होता. थकत होती, पण पायऱ्या चुकत नव्हती. चार वाजता भोंगा झाला. मोजणीवालीने दोनदा बेरीज केली, मग तिसऱ्यांदा केली, आणि शेवटी कागद साहेबाच्या हातात दिला. पेटीतल्या सुरीचे तीन दिवसांचे तुकडे सातशे अठरा. काळ्या सुरीचे दोन दिवसांचे आठशे चाळीस.

कुणीच ओरडलं नाही. साठ माणसं आपापल्या हातातल्या चकचकीत सुऱ्यांकडे बघत होती, घरच्याच माणसाबद्दल काहीतरी नवीन कळावं तशी.

पेटीवाल्याने काळी सुरी मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पातं डोळ्यांपाशी नेलं. "हे तर साधं करवतीचं पोलाद. आमच्या यादीत अगदी तळाला असतं." मग त्याने काठ उजेडात फिरवला. पुन्हा फिरवला. "ही घासली कुणी?"

"मी," आत्या म्हणाली.

"कोरड्या चाकावर?"

"कोरड्या चाकावर घासायला ती सुरी आहे की काडेपेटी?"

"काठाला कुठंच निळा डाग नाही," पेटीवाला साहेबाला म्हणाला. "घासताना पोलाद तापलं की निळं पडतं. निळं पडलं की त्यातला जीव गेला. आमच्याकडे मोठी यंत्रं आहेत, तरी दहातल्या दोन आम्ही जाळतो. करवतीत याचा जो कस होता तो यांनी तस्साच सुरीत आणलाय. अठरा वर्षं टिकलंय ते त्यामुळे." त्याने सुरी आत्याच्या हातात दिली, मूठ तिच्याकडे करून. "या पोलादाला तुमच्यात काय म्हणतात?"

"आजच्यापुरतं," गोगलगाय म्हणाला.

साहेब हातातल्या कागदावर काहीतरी शोधत होता. तिथं ते नव्हतं. "असं पोलाद आणखी मिळेल?"

"वखारीच्या मागे ढीग पडलाय तुटक्या करवतींचा," आत्या म्हणाली. "कोंबड्या बसतात त्यावर."

"पण ते घासायला एका सुरीला एक सकाळ लागते."

"लागते."

"म्हणजे साठ सुऱ्या, साठ सकाळी. मग वर्षातून दोनदा प्रत्येकीला चाक दाखवायचं. आणि आपल्या दुसऱ्या तीन शेड आहेत, त्यांनाही..." तो बोटं मोजायला लागला, अगदी लहानपणी मोजायचा तशी, अंगठ्यापासून. मग मोजायचं थांबला आणि सगळ्या शेडसमोर, फाटकाच्या अलीकडे, म्हणाला, "आत्या, तू करशील?"

मोजणीवालीच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

आत्याने घाई केली नाही. पदराने हात पुसले, चाकाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "करीन. पण रांग बंद. ज्याला गप्पा मारायच्यात त्याने जेवणाच्या सुट्टीत यावं. आणि वखारीतून करवती तू स्वतः उचलून आणायच्या, साहेब. कोंबड्या मला ओळखतात, चोच मारतात."

मग मात्र ओरडा झाला. पैलवानाने मुकादमाला उचललं, मुकादमाने राणीला. पेटीवाल्याने पेटी मिटली आणि जाताना हळूच विचारलं की घरच्या स्वयंपाकघरासाठी एखादी काळी सुरी मिळेल का. आत्याने त्याला एकसष्टावा नंबर दिला.

गर्दी पांगली तेव्हा गोगलगाय चाकापाशी पोचला. तो निकाल लागल्याबरोबर निघाला होता, तो आत्ता आला. त्याने आपली सुरी घेतली, अठरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या खिळ्यापाशी गेला, बोटाने कोळ्याचं जाळं अलगद बाजूला केलं आणि ती अडकवली. गंजाचा लाल डाग मुठीला लागला.

"आत्याबाई," तो म्हणाला, "मग माझी ती चांगली सुरी?"

आत्याने पायाने चाक फिरवलं. पाणी चढलं, दगड ओला झाला.

"उद्या देते," ती म्हणाली.

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी सकाळी. पहिला तू. आणि या वेळी रांग असली तरी घुसायचं, कळलं?"

गोगलगायीने मान हलवली. सोमवारी वेळेत पोचायचं म्हणून तो तिथून लगेच निघाला.